पृष्ठभागी आमिषाने सागरी मासेमारी

पृष्ठभागी आमिषाने सागरी मासेमारी ही गळाने मासे पकडण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत पाण्यावर तरंगणारे कृत्रिम आमिष किनाऱ्यावरून, खडकावरून किंवा नौकेतून दूर फेकले जाते. ते दोरीच्या साहाय्याने पाण्याच्या पृष्ठावरूनच ओढत आणले जाते. जखमी किंवा पळणाऱ्या लहान माशाचा आभास निर्माण करून मोठ्या शिकारी माशाला पृष्ठभागावर हल्ला करण्यास उद्युक्त करणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. कोकर, सुरमई, जिताडा, तांबोशी, कुपा आणि टोळ हे अशा आमिषाला प्रतिसाद देणारे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील मासे आहेत. ही पद्धत प्रामुख्याने छंद व क्रीडा म्हणून वापरली जाते. गोड्या पाण्यातही तिचा वापर होतो. नाशिकसारख्या किनाऱ्यापासून दूरच्या जिल्ह्यात तलाव व नद्यांमधील मरळ हा मासा याच तत्त्वाने पकडला जातो.

संज्ञा

मराठीत मासे पकडण्याच्या आकड्याला ‘गळ’ म्हणतात. कोकणात ‘गरी’ हा शब्द रूढ आहे व गरीने मासे पकडण्याला ‘गरवणे’ असे म्हटले जाते. ज्यास मासा भुलतो त्या पदार्थाला आमिष म्हणतात. कोळंबी, तारली, माकुल यांसारखे आमिष नैसर्गिक असते. लाकूड, प्लॅस्टिक किंवा धातूपासून बनवलेले आमिष कृत्रिम असते. छंद म्हणून मासेमारी करणाऱ्यांमध्ये कृत्रिम आमिषासाठी ‘लूर’ हा इंग्रजी शब्दच प्रचलित आहे. पृष्ठभागी आमिषांच्या ‘पॉपर’ व ‘पेन्सिल’ या दोन मुख्य प्रकारांची नावेही मराठीत तशीच वापरली जातात.

इतिहास

गळाने मासे पकडणे हा राजविनोदाचा भाग असल्याचा महत्त्वाचा पुरावा दख्खनमध्ये मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या विनोदविषयक भागात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना चारा घालण्याची रीत, तसेच काठी, दोर व गळ यांचे वर्णन येते. समुद्रातील व नद्यांतील माशांचा त्यात वेगवेगळा विचार केला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानसोल्लासातील आमिषे खाद्यपदार्थांची आहेत, त्यामुळे तो ग्रंथ आजच्या पद्धतीचा थेट पूर्वज ठरत नाही. मात्र कोणत्या माशाला काय भुलवते याचे निरीक्षण करून त्यानुसार आमिष बदलण्याचा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

ब्रिटिश काळात भारतातील गळमासेमारीचा भर नद्यांमधील महसीर माशावर होता. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये प्रसिद्ध झाले आणि या छंदाचे मार्गदर्शक पुस्तक म्हणून ते दीर्घकाळ वापरले गेले. तरंगणाऱ्या लाकडी आमिषांचा व्यापारी प्रसार विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत झाला. मिशिगन राज्यातील जेम्स हेडन यांच्या कारखान्याचा त्यात मोठा वाटा होता. ही आमिषे मुळात गोड्या पाण्यातील बास माशासाठी होती. समुद्रातील मासे आकाराने व ताकदीने मोठे असल्याने आमिषे, आकडे, दोरी व रीळ यांची बांधणी पुढे अधिक मजबूत करण्यात आली. आजच्या जड सागरी पॉपरांच्या विकासात जपान व ऑस्ट्रेलिया या देशांचे योगदान महत्त्वाचे मानले जाते.

क्रीडा-मासेमारीचे नियम व विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, 1939 मध्ये स्थापन झाली. महाकाय कोकराचा या संस्थेकडील विक्रम 72.80 किलोग्रॅमचा असून तो मासा 2006 मध्ये जपानच्या तोकारा बेटांजवळ पकडण्यात आला होता.

मासा आमिषावर हल्ला का करतो

माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा नावाचे संवेदी अंग असते. पाण्याची जवळून होणारी हालचाल व कमी वारंवारतेची कंपने तिच्यामुळे जाणवतात. दूरचा आवाज माशाला अंतःकर्णाद्वारे ऐकू येतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. पॉपरच्या खोलगट तोंडाने पाणी ढकलले की हवेचे बुडबुडे पाण्याखाली ओढले जातात आणि ‘धप्प’ असा आवाज होतो. हा आवाज मोठा मासा शिकार करत असताना होणाऱ्या खळबळीशी मिळताजुळता असतो.

दुसरे कारण दृष्टीचे आहे. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सर्व आकाश सुमारे 97 अंशांच्या शंकूतून, एखाद्या गोल खिडकीसारखे दिसते. या उजळ पार्श्वभूमीवर तरंगते आमिष गडद छायाकृतीसारखे उठून दिसते. त्याचे रंग किंवा बारकावे माशाला नीट दिसतीलच असे नाही. त्यामुळे पृष्ठभागी आमिषात रंगापेक्षा आकार, चाल व आवाज यांना अधिक महत्त्व दिले जाते.

लहान माशांच्या थव्याला शिकारी मासे खालून वर रेटतात. पृष्ठभाग ही थव्याच्या सुटकेची शेवटची मर्यादा असते, कारण त्यापलीकडे पळायला जागा नसते. अशा वेळी सुरय व कुरव हे पक्षी वरून झेपा घेताना दिसतात. एकाच जागी घिरट्या घालणारे व पाण्यात सूर मारणारे पक्षी हे खाली शिकार चालू असल्याचे लक्षण म्हणून पारंपरिक मच्छीमारांनाही परिचित आहे. महाकाय कोकर तर पाण्यावर उतरलेल्या किंवा खालून उडणाऱ्या पक्ष्यांचीही शिकार करतो. सेशेल्समधील फार्कार बेटावर चित्रित झालेले हे दृश्य 2017 च्या ‘ब्लू प्लॅनेट टू’ या बीबीसीच्या मालिकेत दाखवण्यात आले होते.

आमिषांचे प्रकार

पॉपर : याचे तोंड कपासारखे खोलगट असते. दोरीला झटका दिल्यावर ते पाणी पुढे फेकते व मोठा आवाज करते. खवळलेल्या किंवा किंचित गढूळ पाण्यात हे उपयुक्त ठरते.

पेन्सिल : हे लांबट व निमुळते असते. काठीच्या टोकाने दोरीला लयबद्ध हिसके दिले की ते आलटूनपालटून डावी-उजवीकडे वळत पुढे सरकते. शांत व स्वच्छ पाण्यात, तसेच सावध माशांसाठी याला पसंती दिली जाते. काही पेन्सिल लांब ओढीसरशी क्षणभर पाण्याखाली जाऊन पुन्हा वर येतात.

चक्रयुक्त आमिष : याच्या मागील किंवा पुढील टोकाला लहान पंखा असतो व ओढल्यावर तो फिरून पाणी उडवतो. खाडी व गोड्या पाण्यात याचा वापर अधिक होतो.

बेडूक आमिष : हे मऊ रबराचे व पोकळ असून याचे आकडे वरच्या बाजूस अंगालगत दडलेले असतात. त्यामुळे ते पाणवनस्पतींमध्ये अडकत नाही. मासा चावल्यावर रबर दबते व आकडे उघडे पडतात. याचा उपयोग मुख्यतः मरळीसाठी केला जातो.

साधने

खोल समुद्रातील मोठ्या माशांसाठी साधारणतः साडेसात ते साडेआठ फूट लांबीची जाड काठी, मोठे स्पिनिंग रीळ आणि विणलेली कृत्रिम धाग्याची दोरी वापरतात. विणलेली दोरी फारशी ताणली जात नाही, त्यामुळे काठीचा झटका आमिषापर्यंत थेट पोहोचतो. तिच्या टोकाला नायलॉनचा जाड, एकसंध धागा जोडला जातो. खडकावर घासून दोरी तुटू नये हा त्यामागील हेतू असतो. सुरमईचे दात धारदार असल्याने तिच्यासाठी पुष्कळदा लहान तारेचा तुकडा लावतात. आमिषांचे वजन सुमारे 80 ते 200 ग्रॅम असते. खाडीतील जिताडा व तांबोशीसाठी हलकी काठी आणि 15 ते 40 ग्रॅमची आमिषे पुरेशी होतात.

रिळाला ताण-नियंत्रक असतो. ठरावीक मर्यादेपेक्षा ओढ वाढल्यास रीळ आपोआप दोरी सोडते. हा ताण दोरीच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश ठेवण्याचा प्रघात आहे.

पद्धत

पहाट व सूर्यास्ताचा काळ, तसेच भरती-ओहोटीमुळे पाणी वाहते असण्याचा काळ अनुकूल मानला जातो. भरती-ओहोटी थांबून पाणी स्थिरावले की मासे सहसा मंदावतात. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ व अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला ‘भांग’ म्हणतात. उधाणात प्रवाह जोरदार असतो, परंतु उत्तर कोकणात त्यामुळे पाणी अधिक गढूळ होते.

आमिष खडकांच्या कडेला, फेसाळ पाण्याच्या सीमेवर किंवा दोन प्रवाह मिळतात त्या रेषेपलीकडे फेकतात. पॉपर एका झटक्यानंतर एक-दोन सेकंद स्थिर ठेवतात. पाठलाग करणारा मासा अनेकदा या विरामातच हल्ला करतो. पाणी उसळलेले दिसताच काठी उचलणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते, कारण मासा पहिल्या झडपेत पुष्कळदा चुकतो. माशाचे वजन दोरीवर जाणवेपर्यंत आमिष चालते ठेवावे आणि मगच काठी ताणावी, असा संकेत आहे.

प्रमुख मासे

कोकर : या गटातील सर्वांत मोठा मासा महाकाय कोकर असून त्याचे शास्त्रीय नाव केरँक्स इग्नोबिलिस आहे. तो सुमारे 170 सेंटिमीटर लांब व 80 किलोग्रॅम वजनापर्यंत वाढू शकतो. भारतात त्याच्या क्रीडा-मासेमारीसाठी अंदमान बेटे विशेष प्रसिद्ध आहेत.

सुरमई : ही वेगाने पोहणारी व थव्याने शिकार करणारी आहे. आमिषाला खालून धडक देताना ती कित्येकदा संपूर्ण पाण्याबाहेर उसळते. खाद्यमासा म्हणून तिला मोठी मागणी आहे.

जिताडा : याचे शास्त्रीय नाव लेटिस कॅल्कॅरिफर असून गोव्यात याला चोणक म्हणतात. हा खाडी, कांदळवने व नदीमुखांत आढळतो. बहुतेक जिताडे प्रथम नर असतात व काही वर्षांनी मादी बनतात. त्यामुळे फार मोठा जिताडा बहुधा मादी असतो. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेण परिसरातील खारेपाटात जिताडे तळ्यांत वाढवण्याची परंपरा आहे.

तांबोशी : लालसर रंगाचा हा मासा लहानपणी कांदळवनांच्या मुळांमध्ये राहतो व प्रौढ झाल्यावर समुद्रातील खडकाळ भागात जातो. आमिष पकडताच तो मुळांत किंवा खडकांत शिरण्याचा प्रयत्न करतो.

महाराष्ट्र व गोव्याचा किनारा

पृष्ठभागी आमिषाची मासेमारी पाण्याच्या स्वच्छतेवर बरीच अवलंबून असते. पालघर, ठाणे व मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी तो साडेचार मीटरांपर्यंत जातो. त्यामुळे तळाचा गाळ ढवळला जाऊन पाणी गढूळ राहते. दक्षिणेकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा येथे हा फरक कमी होत जातो, किनारा अधिक खडकाळ होतो आणि पावसाळ्यानंतर पाणी तुलनेने स्वच्छ होते. ऑक्टोबर ते मे हा काळ सामान्यतः सोयीचा असतो. विजयदुर्ग, देवगड व मालवण परिसरातील खडक आणि वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटे ही शिकारी माशांना अनुकूल ठिकाणे आहेत.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर अँग्रिया बँक हे पाण्याखालील प्रवाळ पठार आहे. त्याचे नाव मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून पडले आहे. सभोवतालच्या खोल समुद्रातून उंचावलेला हा भाग मोठ्या माशांचे आश्रयस्थान आहे.

नाशिक जिल्हा व गोड्या पाण्यातील वापर

नाशिक शहर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे, त्यामुळे सागरी मासेमारी तेथे होत नाही. तथापि पाण्याच्या दृष्टीने हा जिल्हा दोन्ही समुद्रांशी जोडलेला आहे. त्र्यंबकेश्वरच्या परिसरात उगम पावणारी गोदावरी सुमारे 1,465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर त्याच परिसरातून निघणारी वैतरणा पश्चिमेस वळून पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. वैतरणेच्या मुखाकडील खाऱ्या पाण्यात जिताड्यासारखे खाडीतील मासे आढळतात.

जिल्ह्यातील गोदावरी, दारणा व कादवा या नद्या आणि त्यांवरील जलाशयांत पृष्ठभागी आमिषाने प्रामुख्याने मरळ पकडली जाते. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्यासाठी पूरक इंद्रिय असते, त्यामुळे तिला ठरावीक काळाने पृष्ठभागावर यावेच लागते. पाणवनस्पतींच्या कडेला ती बेडूक, लहान मासे व किड्यांची शिकार करते. रबरी बेडकाचे आमिष या सवयीवरच आधारलेले आहे. मरळीची नर-मादी जोडी आपल्या पिलांच्या तांबूस थव्याची राखण करते आणि थव्याजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडते. अशा वेळी जोडी सहज पकडली जाते, पण राखण नसलेली पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून पिलांच्या थव्यावर आमिष टाकू नये, असे जबाबदार मासेमार मानतात.

दख्खनच्या नद्यांमधील महसीर हा एकेकाळचा प्रमुख क्रीडा-मासा होय. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. धरणे, वाळूउपसा व प्रदूषण यांमुळे त्याचा अधिवास आकुंचित झाला. लोणावळ्याजवळ टाटा कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन करण्यात येत आहे.

राज्यातील अनेक जलाशयांचे मासेमारी हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून तेथे छंदासाठीही संबंधित संस्थेची अनुमती आवश्यक ठरते. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ असून जानेवारी 2020 मध्ये त्याची घोषणा झाली. तेथे वन्यजीवविषयक कायद्याचे निर्बंध लागू आहेत.

कायदा व नियमन

राज्याच्या किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीला ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981’ लागू आहे. हा कायदा मुख्यतः नौकांची नोंदणी, परवाने व जाळी यांभोवती बेतलेला आहे. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै या प्रजनन काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. 2023 मध्ये राज्य शासनाने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकार निश्चित केला. 1987 मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य सुमारे 29 चौरस किलोमीटरचे असून तेथे स्वतंत्र निर्बंध आहेत.

संवर्धन व वाद

पर्ससीन जाळी व प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी हा कोकणातील पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनांचा प्रमुख विषय राहिला आहे. राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तर केंद्र शासनाने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. या तुलनेत एका गळाने एक मासा पकडणाऱ्या पद्धतीचा भार अल्प असतो आणि तिच्यात अनपेक्षित जीवही कमी सापडतात. मात्र तिचे लक्ष्य नेमके सर्वांत मोठे, प्रजननक्षम मासे असतात. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अधिक अंडी घालते, त्यामुळे असा एक मासा कमी होण्याचा परिणाम एका संख्येपुरता राहत नाही. छंद म्हणून पकडलेला मासा आणि मच्छीमार कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा मासा एकाच साठ्यातील असतो, ही बाबही या चर्चेत मांडली जाते.

यावर उपाय म्हणून पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी पाळली जाते. सोडलेला मासा जगेलच असे नाही. दीर्घ झुंजीमुळे त्याच्या स्नायूंत आम्ल साचते व थकलेला मासा इतर शिकाऱ्यांना बळी पडतो. यासाठी पुढील काळजी घेतली जाते :

- माशाच्या आकाराला साजेशी मजबूत साधने वापरून झुंज लवकर संपवणे.
- तीन टोकांच्या आकड्यांऐवजी एकेरी व काटा दाबलेले आकडे लावणे.
- ओल्या हातांनी धरणे, पोटाला आधार देणे व कल्ल्यांत बोटे न घालणे.
- मासा शक्यतो पाण्यातच ठेवून आकडा काढणे.
- तोंड प्रवाहाकडे ठेवून तो स्वतः पोहू लागेपर्यंत धरून ठेवणे.

तुटलेली दोरी व हरवलेली आमिषे हा आणखी एक प्रश्न आहे. नायलॉन व विणलेली दोरी पाण्यात दीर्घकाळ टिकते आणि तीत पक्षी व कासवे अडकतात.

सुरक्षितता

खडकांवरील मासेमारीत लाट हा सर्वांत मोठा धोका असतो. समुद्र शांत दिसत असतानाही दूरच्या वादळाने उठलेली मोठी लाट अचानक येऊ शकते. ओला व शेवाळलेला खडक हा अलीकडे लाट पोहोचल्याचा पुरावा मानून तेथे उभे राहणे टाळतात. भरतीचे वेळापत्रक न पाहता खडकावर गेल्यास परतीची वाट पाण्याखाली जाण्याची शक्यता असते. जीवरक्षक जाकीट, पकड असलेली पादत्राणे व सोबती आवश्यक मानले जातात. फेकताना मागे कोणी नसल्याची खात्री करावी लागते, कारण जड आमिषाचे आकडे गंभीर इजा करू शकतात. कार्बन तंतूची काठी विद्युत्वाहक असल्याने विजा चमकत असताना, तसेच विजेच्या तारांजवळ ती वापरणे धोक्याचे असते.

हे सुद्धा पहा

- गळ
- मानसोल्लास
- जिताडा
- महसीर
- मालवण सागरी अभयारण्य
- नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य